मोरपीस होतं तिथंच

देवाचं आणि माझं फारसं बोलणं नाही. सणावाराला निवद दाखवते, जत्रेला नारळ फोडते, बाकी त्याचं तो बघतो आणि माझं मी बघते. नवरा गेला तेव्हा गावातल्या बाया म्हणाल्या, आता नामस्मरण कर. मी म्हशीची धार काढायला गेले. म्हशीला कुठं माहीत असतं कोण गेलं ते. त्यामुळे असा काही अनुभव मी लिहावा हे मलाच पटत नव्हतं. पण मठातल्या मोठ्या माई म्हणाल्या, "आक्का, जसं झालं तसं लिवा. वरून काय लावू नका." म्हणून लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. नातसुनेनं शुद्धलेखन तपासून दिलं आहे, पण मजकूर माझा आहे.

माझी धाकटी बहीण शेवंता. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा गेला, सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि पुढं ती आपणहून वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराखाली बायांचा एक मठ आहे, तिथं गेली. मी तेव्हा खूप भांडले होते. चांगले हातपाय धड असलेल्या बाईनं पांढरं लुगडं नेसून बसायचं कशाला, असं माझं म्हणणं. ती पिशवी घेऊन गेली. तिथं तिला काम मिळालं वाचायचं. त्या मठात जेवताना कुणी बोलत नाही. पंगत बसली की एकजण पोथी वाचते आणि बाकीच्या ऐकत जेवतात. सगळ्यांचं जेवण झालं की मोठ्या माई घंटा वाजवतात, मग वाचन थांबतं. वाचणारीचं ताट चुलीजवळ झाकून ठेवलेलं असतं, ते तिनं मागाहून एकटीनं खायचं. शेवंतानं हे काम उभं आयुष्य केलं. तिचा आवाज होताच तसा. लहानपणी ती वरच्या शेतातून हाक मारायची तर नदीकडची गुरं मान वर करायची.

गेल्या पावसाळ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. फुंकणीतून वारा यावा तसं बोलायची, तेही जवळ कान नेला तर. आणि मठात परत आल्यावर तिनं खाणं सोडलं.

मला मठातून फोन आला तो दसरा झाल्यावर. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं आणि आभाळ भरून यायचं. थोरला म्हणाला, "आई, आत्ताच जायाचं काय अडलंय? मावशीला तितं धा जणी हायेत बघायला." मी म्हटलं, "धा जणी हायेत, भन मी एकटीच हाय." हिर्डोशीहून सकाळची एसटी धरली, भोरला उतरले, तिथून नसरापूर, तिथून वेल्ह्याची जीप. पुढं मठापर्यंत पायी. वाटेत एकच ठरवत होते, की हिला उचलायची आणि घरी न्यायची.

मठात पोचले तर शेवंता पडवीत बसलेली. लुगड्याच्या आत बाई आहे की काठी आहे, कळेना. मला बघून हसली. मी म्हटलं, "हसू नगंस. आरशात बघितलंस का सोताला? रानातलं बुजगावणं बरं." ती आणखी हसली. त्या हसण्याला आवाज नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तिला भोरला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी घसा तपासला, कागद बघितले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घशाला काही अडचण नाही, घास व्यवस्थित उतरतोय. आवाजाचं सांगता येत नाही, येईल किंवा नाही येणार. पण त्या खात नाहीत. असंच चाललं तर दिवाळी अवघड आहे." डॉक्टर तरुण होते, पण आडपडदा न ठेवता बोलले, ते मला बरं वाटलं.

परत येताना जीपमध्ये तिच्या तोंडाजवळ कान नेऊन विचारलं, "का खात न्हाईस?" ती म्हणाली, "हितं परतेकीला काम हाय, आक्का. माझं काम गेलं. बिनकामाचं खाऊ कशाला?" मी म्हटलं, "मग घरी चल. मी बी बिनकामाचीच हाय, दोघी बसून खाऊ." तिनं मान हलवली. जिथं आयुष्य गेलं तिथंच राहीन, म्हणाली. मला तिचा राग आला. मरायला टेकलेल्या माणसाचा येऊ नये, पण आला.

मी रोज तिच्यापुढं पेज ठेवायची, ती दोन चमचे घेऊन वाटी सारायची. पंगतीला बसायची, कारण बसायचा नेम होता, पण ताटातली भाकरी तशीच परत जायची. पंगतीत सगळं शांत. ती आजारी पडल्यापासून वाचन बंद होतं. ज्यांना वाचता येत होतं अशा दोघीतिघी होत्या, पण कुणी वाचायच्या पाटावर बसायला तयार नव्हती. शेवंता समोर जिवंत बसलेली असताना तिच्या पाटावर बसायचं म्हणजे तिला पुसून टाकल्यासारखं, असं त्यांना वाटायचं. कुणी तसं म्हणालं नाही, पण कळत होतं. भाकरी मोडल्याचा आवाज यायचा आणि त्या बंद पोथीकडं कुणी बघायचं नाही.

मोठ्या माई मठाच्या मुख्य. वयानं माझ्या बरोबरीच्या, पण त्यांच्यापुढं मी जरा दबूनच असते. त्या एक दिवस म्हणाल्या, "आक्का, इथं कुणी चार दिवसांच्या वर ऱ्हायलं की एक काम घेतं. तुमी काय घेता?"

"भांडी घासते."

"भांडी घासायला आमी हाय. तुमी वाचा."

मला वाटलं चेष्टा करतात. मी म्हटलं, "माई, मी एसटीवरची पाटी वाचते, त्यात बी गाडी निघून जाती. पोथी कुठली वाचू?"

"मग सावकाश वाचा. इथली गाडी निघून जात न्हाई."

त्यांनी वाचनाचे नेम सांगितले. पोथीत मोरपीस घातलेलं आहे, तिथून सुरुवात करायची. घंटा वाजेपर्यंत थांबायचं नाही. आणि मठाचा सगळ्याच बाबतीतला एक नेम त्यांनी मला आल्या दिवशीच सांगितला होता, की कुठलीही वस्तू घेतली तर होती तिथंच परत ठेवायची. विळी असो, चिमटा असो, देवाची पळी असो. अंधारात हात घातला तरी सापडली पाहिजे. हा नेम मला आवडला होता. माझ्या घरी सुनांना सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

पहिल्या दिवशी पाटावर बसले. म्हातारपणी ही कुठली परीक्षा, असं वाटलं. पोथी उघडली, मोरपीस काढून मांडीवर ठेवलं, ओळीखाली बोट धरलं आणि एक एक अक्षर लावत निघाले. जोडाक्षर आलं की बैलगाडी दगडावर चढावी तशी मी अडायची. घाम फुटला. काय वाचलं ते मला विचाराल तर एवढंच कळलं, की एका शेतकऱ्याकडं एक म्हातारा बैल होता. घंटा वाजली तेव्हा सुटले. मोरपीस जिथून काढलं होतं तिथंच नीट ठेवलं, पोथी बांधली आणि चुलीजवळ गेले. झाकलेलं ताट उघडलं. भाकरी गार, आमटीवर साय आलेली. शेवंतानं वर्षानुवर्षं हे असं गार खाल्लं आणि मला कधी बोलली नाही. त्या दिवशी मी ते सगळं ताट संपवलं, पण चव काही कळली नाही.

दुसऱ्या दिवशी परत बसले. बैल होताच. मला वाटलं, गोष्ट लांब आहे. तिसऱ्या दिवशीही बैल. पोथीत तेच तेच येतं, आपल्या आरतीत नाही का ध्रुपद फिरून फिरून येत, तसं असेल. माझं लक्ष अर्थाकडं नव्हतंच, अक्षराकडं होतं. आणि एक नवल घडत होतं. मला वाचता यायला लागलं होतं. पहिल्या दिवशी जिथं चार ओळींत घंटा वाजली, तिथं आता मी अर्ध्या पानापर्यंत पोचायला लागले. अडायची नाही, घाम यायचा नाही. मनात म्हटलं, देवा, तू आहेस वाटतं. या वयात मला अक्षर दिलंस. थोरल्याचा फोन आला तर त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "तू पोथ्या वाच, मी भात कापतो."

गोष्ट होती ती अशी. शेतकऱ्याच्या बैलाचे दात पडलेले, जू मानेवर ठरत नव्हतं. शेतकरी रोज सकाळी कोवळं गवत कापून आणायचा आणि आधी त्या म्हाताऱ्याच्या गव्हाणीत टाकायचा, मग बाकीच्या गुरांना. शेजारी म्हणायचा, कामाचा नाही त्याला कशाला पोसतोस, बाजारात ने. शेतकरी म्हणायचा, काम करत होता तेव्हाही मी त्याला कामासाठी गवत घालत नव्हतो. तो माझ्या दावणीला आहे म्हणून घालतो. देव मला घालतो ते मी कुठलं मोठं काम करतो म्हणून घालतो?

शेवंता माझ्या समोरच्या रांगेत बसायची. माझं बोट ओळीवर, त्यामुळे तिच्याकडं बघायला मला सवड नसायची. ताट मात्र मी मागाहून बघायची. भाकरी तशीच असायची. एकदा कोपरा मोडलेला दिसला. मला वाटलं, मुंग्यांनी नेला असेल.

मग तो दिवस आला. त्या दिवशी मला जरा गर्वच झाला होता. बोट न धरता वाचू म्हटलं. वाचता वाचता मान वर केली, जशा शिकलेल्या बाया करतात तशी. तर समोर वाढायला उभ्या असलेल्या सगुणामाईंचे ओठ हलत होते. सगुणामाई मठाचा स्वयंपाक बघतात, अंगानं दांडग्या. हातात आमटीचा डाव आणि ओठ माझ्या पुढं एक शब्द. मी "शेजारी म्हणाला" म्हणते आहे आणि यांचं "बाजारात ने" होऊन गेलेलं. मी दुसरीकडं बघितलं. तिथंही ओठ हलत होते. एकीनं तोंडात पदराचा बोळा धरला होता. माझं वाचन थांबू नये म्हणून तोंडानं मी वाचतच राहिले, आता तर पाठच होतं, आणि डोळे शेवंताकडं गेले.

तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडते आहे. नाही. हसत होती. लहानपणी वडील रागावले की आम्हाला दोघींना हसू फुटायचं, आणि हसलं तर मार, म्हणून आम्ही तोंडात भाकरी कोंबायचो. पंगतीत हसायला बंदीच आहे. तिनं माझ्याकडं तसंच, त्या वेळच्यासारखं बघितलं, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि समोरच्या भाकरीचा मोठा तुकडा मोडून आमटीत बुडवून तोंडात कोंबला. चावला. गिळला. परत हसू आलं, परत तुकडा.

मी वाचत राहिले. घंटा वाजेना. मोठ्या माई स्वतःचं जेवून हात जोडून बसल्या होत्या, पण घंटेला हात लावीनात. मी पानाच्या खालच्या ओळीपर्यंत आले, इतकी लांब मी कधीच आले नव्हते. शेवंताच्या ताटात भाकरीचा शेवटचा चतकोर होता, तोही तिनं तोंडात घातला. ओळ संपली, मी पान उलटायला हात घातला, आणि घंटा वाजली.

स्वयंपाकघरात गेल्यावर बोलायला मुभा असते. सगुणामाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आक्का, त्या बैलाला अजून किती दिस चारणार? गवत संपलं की रानातलं!"

सगळ्या हसल्या. मला कळेना. मग एकीनं समजावलं. मोरपीस थांबलो तिथं घालायचं असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथून पुढं वाचता येतं. मी ते रोज होतं तिथंच ठेवत होते. वस्तू जिथली तिथं. मी नेम पाळत होते आणि रोज तेच पान वाचत होते. मला वाचता येत नव्हतं, पाठ झालं होतं. मी खूप चिडले. म्हटलं, "अगं बायांनो, तोंडं शिवली व्हती का? माझी शोभा बघत बसला?"

सगुणामाई म्हणाल्या, "वाचणारीची चूक काढायची न्हाई, असा नेम हाय. जे कानावर येतं ते त्या दिवसाचं. आमी काय करणार? आणि खरं सांगू का, आमाला बी तो बैल आवडाया लागला व्हता."

शेवंता माझ्याजवळ येऊन बसली. मी कान पुढं केला. ती म्हणाली ते शब्द मी तसेच लिहिते.

"फुडच्या पानावर तो मरतो, आक्का."

तिनं ती पोथी कितीदा वाचून संपवली असेल, तिला पान न पान माहीत.

"मी आजारी पडले त्या दिशी वाचन तितंच थांबलं व्हतं. तू बसलीस तवा म्हनलं, उद्या हा मरंल. मग माझं बी व्हईल. तर दुसऱ्या दिशी तू त्याला परत उभा केलास. म्हनलं, आता उद्या. तू परत उभा केलास. रोज तो मरायचा ऱ्हायचा आन् रोज त्याला कोवळं गवत मिळायचं." तिला धाप लागली. थांबून म्हणाली, "मी ती गोष्ट लई येळा वाचली. ऐकली कदी न्हवती. वाचणारीचं ध्यान श्वासाकडं असतं. पंगतीत बसून, फुडं ताट असताना, पयल्यांदा ऐकली."

मी माझं झाकलेलं ताट उघडलं आणि तिच्याकडं सारलं. ती म्हणाली, "पोट फुटंल आता." पण एक घास घेतला. गार आमटीचा. तिच्या सवयीचा.

दुपारी मी एकटीनं पोथी उघडून पुढचं पान लावलं. खरंच मरत होता. गव्हाणीपाशी पडलेला, तोंडात गवताची काडी. मी पोथी घेऊन मोठ्या माईंकडं गेले. म्हटलं, "उद्या हे वाचायचं न्हाई मी. आत्ताशी खायला लागलीय ती. दुसरं एखादं पान सांगा, न्हाईतर मोरपीस होतं तितंच ठेवते."

माई म्हणाल्या, "चुकून ठेवलंत तोवर ठीक होतं, आक्का. आता ठरवून ठेवू नका. जे पान येतं ते वाचायचं."

"आणि तिनं परत खाणं टाकलं तर?"

"ते बी आपल्या हातात न्हाई."

मग विचारलं, "आज घंटा तेवढी नेमकी कशी वाजवलीत?"

"जेवण झालं व्हतं म्हणून वाजवली," एवढंच म्हणाल्या.

मी रागानं बाहेर आले. माझं आयुष्य असं गेलं, की पाऊस येणार असेल तर भात आधी झाकायचं, म्हैस अडली तर हात घालायचा. आपल्या हातात नाही म्हणून बसून राहणं मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी पाटावर बसले, मोरपीस काढलं, नवं पान उघडलं आणि बोट धरलं. परत अडायला लागले, कारण हे पाठ नव्हतं. एकेक अक्षर. बैल खाली बसला हे वाचायलाच मला किती वेळ लागला. पंगतीत भाकरी मोडायचा आवाज थांबला होता. तो मेला. शेतकऱ्यानं त्याला शेताच्या कडेला पुरला. पुढं मी कधी पोचलेच नव्हते, तिथं लिहिलं होतं, की दुसऱ्या दिवशीही शेतकऱ्यानं पहाटे कोवळं गवत आणलं आणि सवयीनं त्याच गव्हाणीत टाकलं, आणि त्या दिवशी एका पोरक्या वासरानं येऊन ते खाल्लं. मी तिथं मान वर केली. शेवंताच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती जेवत होती. सावकाश, पण जेवत होती.

त्या दिवशी मी मोरपीस थांबले तिथं ठेवलं.

मी आणखी काही दिवस राहिले. भात थोरल्यानं आणि शेजाऱ्यांनी मिळून कापून, झोडून घरात नेलं, मग पाऊस आला. त्यात देव होता की थोरल्याची अक्कल, मला ठाऊक नाही. मोरपिसाचंही तसंच. कुणी म्हणतं चमत्कार, कुणी म्हणतं अडाणी बाईची चूक. मी भांडत नाही. मला एवढंच माहीत आहे, की मी बहिणीला घरी न्यायला गेले होते, ते जमलं नाही. भरवायला गेले, ते जमलं नाही. वाचायला शिकले असं वाटलं, तेही खरं नव्हतं. माझं जे जे ठरवून केलेलं, ते सगळं फुकट गेलं, आणि जे मला कळतही नव्हतं त्यानं माझी बहीण वाचली. त्यामुळे आता सकाळी दिव्याला वात लावताना मी हात जोडते. मागत नाही काही. गव्हाणीत काय टाकायचं ते ज्याचं तो बघतो, आपण दावणीला असावं, इतकंच. हे कळायला मला एवढं म्हातारं व्हावं लागलं.

शेवंतानं दिवाळी बघितली. होळीपर्यंत तिचा आवाजही थोडा आला, मांजराच्या पिल्लाएवढा. त्यावर पंगत चालत नाही. पण आता पाटावर बसायला दुसऱ्या दोघी तयार झाल्या आहेत, आणि शेवंता त्यांच्या शेजारी बसून ओळीवर बोट धरते. घाई केली तर मांडीवर चापट मारते. मी महिन्यातून एकदा जाते, तेव्हा माझी पाळी असते. अजून अडते. एखाद्या जोडाक्षरापाशी थांबले की ती बोट तिथंच धरून ठेवते, मी चढेपर्यंत.

घंटा वाजली की आम्ही दोघी चुलीजवळ जातो. मी असते त्या दिवशी सगुणामाई ताटं दोन झाकून ठेवतात. आमटी गारच असते.